जुन्या रस्त्याची खडी नव्या रस्त्याच्या पोटात

डांबरी रस्ता उखडून काँक्रीटचा करायचं काम निघालं की गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या अडकतात. एक डंपर भरून बाहेर निघालेला असतो, एक ट्रान्झिट मिक्सर भरून आत यायला बघत असतो. मागे हॉर्न वाजत राहतात. डंपरमध्ये काळं डबर असतं, मिक्सरमध्ये ताजं काँक्रीट. पण दोन्ही गाड्यांत वजनाने सगळ्यात जास्त काय असतं, तर खडी. आणि आपल्याकडे ती खडी एकाच जातीची, काळ्या पाषाणाची. डंपरमधली कुठल्यातरी नाल्याकाठी किंवा पडीक प्लॉटवर ओतली जाणार. मिक्सरमधल्या खडीसाठी वाघोली-मोशीसारख्या एखाद्या खाणीत सुरुंग उडालेला असतो.

हा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. रस्त्यात काढलेली वीस-पंचवीस वर्षं त्याच्या खिजगणतीतही नाहीत. म्हातारं होतं ते डांबर, थकतं ते सिमेंट. दगड होता तसाच असतो. मग तोच दगड चाळून-धुऊन नव्या काँक्रीटमध्ये का घालू नये?

घालता येतो. जगात चाळीसेक वर्षांपासून घालतायत. फक्त कुठे घालायचा आणि किती, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी थोडं गणित. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्ता धरू. त्यावर डांबराचे थर मिळून दहा सेंटिमीटर असतील, तर उखडल्यावर ७०० घनमीटर, म्हणजे साधारण १,६०० टन माल निघतो. वीस टनांचा डंपर धरला तर ऐंशी खेपा. आता तिथे तीस सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर टाकायचा तर २,१०० घनमीटर काँक्रीट लागेल. एका घनमीटरात अकराशे-बाराशे किलो जाड खडी जाते, म्हणजे झाली अडीच हजार टनांच्या आसपास. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वेगळी. काँक्रीटला आपण सिमेंटचा रस्ता म्हणतो खरं, पण त्याच्या आकारमानात साठ ते पंचाहत्तर टक्के वाटा खडी आणि वाळूचा असतो. सिमेंट हा नुसता डिंक.

जुन्या रस्त्यातून निघणारा माल दोन तऱ्हेचा. डांबरी रस्ता खरवडून निघतो त्याला इंजिनिअर मंडळी ‘रॅप’ म्हणतात. जुनं काँक्रीट फोडून क्रशरमधून काढलं की जी खडी मिळते ती ‘आरसीए’. आपण सोयीसाठी काळी खडी आणि राखाडी खडी म्हणू. दोघींची दुखणी अगदी वेगळी आहेत. त्यांना एकाच पारड्यात घालून ‘रिसायकल केलेला माल चालतो की नाही’ असं विचारलं की गोंधळ सुरू होतो.

काळ्या खडीचं दुखणं स्वयंपाकघरातून पटकन कळतं. वड्या थापायच्या आधी आपण ताटाला तूप लावतो. का? तर वडी चिकटू नये म्हणून. जुन्या डांबरी रस्त्यातल्या प्रत्येक दगडाला असाच तुपाचा हात लागलेला आहे, फक्त तूप काळं आहे. सिमेंटचा लगदा दगडाला धरतो तो त्याच्या खरखरीत, पाणी लागणाऱ्या अंगाला. डांबराला पाणी लागत नाही. त्यामुळे दगड काँक्रीटमध्ये बसतो, पण घट्ट चिकटत नाही.

या काळ्या खडीत वजनाने चार ते सहा टक्के डांबर असतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण डांबर दगडाच्या मानाने फार हलकं. पाच टक्के वजन म्हणजे आकारमानात बारा-तेरा टक्के जागा. म्हणजे दगड म्हणून मोजून घातलेल्या मालातला आठवा हिस्सा मऊ निघतो.

प्रयोगशाळेत असा क्यूब, म्हणजे चाचणीसाठी ओतलेला काँक्रीटचा ठोकळा, फोडला तर हे डोळ्यांनी दिसतं. नेहमीचा चांगला क्यूब फुटतो तेव्हा पुष्कळ ठिकाणी खडीच मधून फुटलेली असते, ताजा करडा दगड चमकतो. काळी खडी घातलेल्या क्यूबच्या फुटलेल्या तोंडावर मात्र काळे, गुळगुळीत दगड अख्खे उभे दिसतात आणि समोरच्या तुकड्यात त्यांचे साचे. चिक्की मोडल्यावर शेंगदाणा अख्खा सुटून यावा तसे. तडा दगडातून गेलाच नाही, डांबराच्या पापुद्र्यावरून घसरत वळसा घालून गेला.

याचा परिणाम काय होतो? दाब सोसण्याची ताकद पडते. खडी आणि वाळू दोन्ही पूर्णपणे काळ्या मालाची वापरली तर ती निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. पण इथे एक मेख आहे. रस्त्याची फरशी इमारतीच्या खांबासारखी चिरडून फुटत नाही, ती वाकून तुटते. खाली पोकळ राहिलेली शहाबादी फरशी आठवा. वर पाय पडला की मधोमध तडकते, कारण तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो. काँक्रीटचा रस्ता कागदावर एम-४० चा, म्हणजे ४० मेगापास्कल दाब सोसणाऱ्या दर्जाचा, असला, तरी त्याची जाडी ठरवताना पाहतात ती वाकण्यातली ताकद. नेहमीचा आकडा २८ दिवसांना ४.५ मेगापास्कल. काळ्या खडीने ही ताकदही घटते, पण दाबाच्या ताकदीइतकी नाही. शिवाय वळसे घेत जाणाऱ्या तड्याला वाट जास्त कापावी लागते, त्यामुळे असं काँक्रीट काचेसारखं फाटकन न जाता जरा दमाने जातं. ते थोडं लवचीकही असतं. म्हणजे तोटा आहे, पण नुसता क्यूबचा आकडा बघून वाटतो तेवढा नाही. नुसत्या क्यूबवर निकाल देणारे लोक या बाबतीत घाई करतात असं माझं मत आहे.

काळ्या मालातही जाड आणि बारीक हा भेद फार महत्त्वाचा. बारीक दाण्याला वजनाच्या मानाने अंग जास्त, म्हणून डांबरही जास्त. सगळा खोडसाळपणा तिथे. शहाणे लोक माल चाळून जाड खडी तेवढी काँक्रीटला घेतात आणि बारीक भुगा दुसरीकडे धाडतात.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, मातीची. मिलिंग मशीनने रस्ता खरवडला तर डांबराचा थर तेवढा निघतो, दाते असलेला ड्रम तो खरवडून थेट डंपरमध्ये फेकतो. जेसीबीने उखडला तर खालचा मुरूम, गटाराची माती, पोत्याचे तुकडे, कोणाचं तरी चप्पल, सगळं एकत्र येतं. मग तो ढीग महिनोन्‌महिने रस्त्याकडेला धूळ खात पडतो. दगडावर आधी डांबर, डांबरावर धूळ. सिमेंटने धरायचं कशाला? आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी नेमका हाच धुळीने माखलेला माल घेऊन काँक्रीटच्या रस्त्यासाठी प्रयोग केले. त्यांनी खडी धुऊन पाहिली, ड्रममध्ये एकमेकांवर घासून तिच्या अंगावरचं डांबर आणि धूळ काही प्रमाणात उतरवूनही पाहिली. दोन्हींनी फरक पडतो. धुणं हा उपाय सांगायला अगदीच साधा, पण कामावर पाण्याचा टँकर कोणी मागवायचा यावरून वाद होतात, हेही तितकंच खरं.

राखाडी खडीकडे येऊ. जुना वाडा पाडला की विटा साफ करायला बायका बसतात. एका हातात वीट, दुसऱ्या हातात थापी, खटखट करून चिकटलेला चुना काढायचा. सगळा निघत नाहीच. फोडलेल्या काँक्रीटच्या खडीचं असंच असतं. आतला दगड उत्तम, पण अंगाला जुना सिमेंट-वाळूचा लपेटा. तो लपेटा सच्छिद्र असतो. अशी एक मूठ कोरडी खडी पाण्याच्या बादलीत टाकून बघा. बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत राहतात. काळ्या पाषाणाची ताजी खडी टाकली तर काही होत नाही, ती मुकाट तळाला बसते. पाषाण आपल्या वजनाच्या टक्का-दीड टक्का पाणी पितो, राखाडी खडी तीन ते आठ टक्के.

आता प्लांटवर मोजून घातलेलं पाणी खडीनेच पिऊन टाकलं तर काँक्रीट वाटेतच घट्ट होतं. ओतायच्या जागी कोणीतरी वरून पाइप धरतं, आणि तिथे ताकदीची वाट लागते. उपाय गवंड्याला विचारा: वीट भिजवूनच लावायची. खडीचा ढीग आदल्या दिवसापासून स्प्रिंकलरने भिजवत ठेवायचा, म्हणजे दगड आतून तृप्त आणि वरून कोरडा होतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये ह्यूस्टन शहरातल्या आय-१० महामार्गाचा एक तुकडा १९९० च्या दशकात नव्याने बांधला, तेव्हा खडी आणि वाळू दोन्ही शंभर टक्के जुन्याच काँक्रीटची वापरली. रस्ता चांगला टिकला. बांधताना मात्र जुन्या काँक्रीटच्या बारीक वाळूने पाण्याचं प्रमाण सांभाळणाऱ्यांना रडकुंडीला आणलं. पुढे टेक्सासने अशी बारीक वाळू वीस टक्क्यांवर घालायची नाही असा दंडकच केला. खडीला हरकत नाही, वाळूला लगाम. काळ्या मालातही आपण हेच पाहिलं.

त्याआधी १९८० मध्ये मिनेसोटात वर्दिंग्टनजवळच्या यूएस-५९ रस्त्यावर याहून गमतीदार गोष्ट घडली. तिथला जुना रस्ता खडीच्याच दोषाने खराब झाला होता. दगड पाणी पितो, हिवाळ्यात ते आत गोठतं आणि दगड फुटतो. म्हणजे माल मुळातच नासका. तरी इंजिनिअरांनी तो फोडून १९ मिलिमीटरच्या आतल्या आकाराचा केला आणि नव्या काँक्रीटमध्ये घातला. दगड लहान केला की गोठून फुटण्याचा धोका कमी होतो. चांगली खडी लांबून आणणं परवडत नव्हतं, हे खरं कारण.

मिशिगनला मात्र ठेच लागली. १९८० च्या दशकात तिथे राखाडी खडीचे रस्ते केले, फरशा आठ ते बारा मीटर लांबीच्या. एवढी लांब फरशी मधे तडकणारच, ते धरूनच आत जाळी घातलेली असते. तडा गेल्यावर दोन्ही बाजूंचे दगड दातांसारखे एकमेकांत अडकून चाकाचा भार पलीकडे पोचवतात, अशी अपेक्षा. पण इथे खडी लहान होती, आणि तडा जुन्या मसाल्यातून सपाट गेला. दात उरलेच नाहीत. फरशा खालीवर व्हायला लागल्या. पुष्कळांनी यातून ‘जुनी खडी वाईट’ असा धडा घेतला. मला तो चुकीचा वाटतो. चूक लांब फरशीची होती. आपल्याकडे सांधे साधारण साडेचार मीटरवर कापतात आणि आडव्या सांध्यात डॉवेल बार असतात. भार सळया पोचवतात, दगडांच्या दातांवर सगळी भिस्त नसते.

आता ऑस्ट्रिया, कारण या सगळ्याचं नीट उत्तर तिथे सापडलं. व्हिएन्ना ते साल्झबर्ग जाणारा ए-१ हा त्यांचा जुना काँक्रीटचा महामार्ग. १९८० चं दशक सरता सरता तो नव्याने बांधायची वेळ आली. जुन्या फरशांवर मधल्या काळात जागोजाग डांबराचे थर चढलेले, त्यामुळे फोडल्यावर राखाडी आणि काळी खडी मिसळूनच येणार. त्यांनी रस्ता दोन थरांत ओतला. खालचा सुमारे २१ सेंटिमीटरचा थर जुन्या खडीचा, त्यात काळ्या खडीला दहा टक्क्यांपर्यंत मुभा. वर फक्त चार सेंटिमीटरचा थर, त्यात निवडक कठीण, बारीक नवा दगड. खालचा ओला असतानाच मागोमाग दुसरा पेव्हर, म्हणजे काँक्रीट पसरणारं यंत्र, वरचा थर टाकत येतो, म्हणून दोन्ही मिळून एकच फरशी होते.

यामागचा विचार साधा आहे. टायर घासतो वरच्या चार सेंटिमीटरवर. पाऊस, ऊन, घसरण, आवाज, सगळं तिथे. झिजणार नाही असा महागडा दगड लागतो तो तेवढ्यापुरता. मग तीसच्या तीस सेंटिमीटर एकाच तोलामोलाच्या खडीने का भरायचे? भाकरी पोटभर, तूप वरून. शिकागोभोवतीचे टोल रस्ते सांभाळणाऱ्या इलिनॉय टोलवेने पुढे हीच दोन थरांची पद्धत घेऊन खालच्या थरात चाळलेली जाड काळी खडी घातली. त्याआधी इलिनॉय विद्यापीठात जाड खडीच्या २०, ३५ आणि ५० टक्के जागी ती घालून चाचण्या झाल्या. ताकद पायरीपायरीने उतरली, तडा पुढे सरकायला लागणारी ऊर्जा मात्र तशी उतरली नाही.

हे आपल्याकडे जसंच्या तसं उचलता येईल का? थांबा जरा. ऑस्ट्रियाचा उन्हाळा म्हणजे चंद्रपूरचा मे महिना नव्हे. डांबर तापलं की मऊ होतं, मग ते डांबरी रस्त्यात असो की काँक्रीटच्या पोटात. यावरही खालचा थर हेच उत्तर. भर दुपारी तीस सेंटिमीटरच्या फरशीच्या वरच्या आणि खालच्या अंगात आपल्याकडे वीस अंशांच्या आसपास फरक पडतो. पोटात त्या मानाने गारवा असतो. तरी ऑस्ट्रियाचा दहा टक्क्यांचा आकडा ओलांडायची घाई मी तरी करणार नाही.

दोन थर ओतायला दोन मिश्रणं, दोन पेव्हर आणि घड्याळाशी शर्यत लागते. महामार्गावर जमेल. रिक्षा आणि भाजीच्या गाड्या चुकवत काम चालतं त्या गल्लीत नाही जमणार. पण गल्लीतही एक खालचा थर असतोच, आणि त्याकडे कोणी बघत नाही. त्याचं नाव डीएलसी. वरच्या मुख्य काँक्रीटच्या, म्हणजे पीक्यूसीच्या, खाली साधारण पंधरा सेंटिमीटरचा अंगाने कोरडा थर टाकतात तो. मुठीत दाबला तर गोळा होतो, हात ओला होत नाही. तो ओतत नाहीत, पसरून रोलरने दाबतात. सिमेंट कमी, ताकदीची अपेक्षा माफक. आपल्या किलोमीटरभर रस्त्याचं डीएलसी म्हणजे हजार-अकराशे घनमीटर, म्हणजे खडी-वाळू मिळून दोन हजार टनांच्या आसपास. उखडून निघालेला माल होता १,६०० टन. त्यातला निम्मा जरी धुऊन-चाळून इथे बसला, तरी चाळीस डंपर नाल्यावर जायचे वाचले आणि चाळीस खाणीतून यायचे.

नियमांची आडकाठी आहे का? राखाडी खडीला तर मुळीच नाही. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३ हे २०१६ मध्ये सुधारलं, तेव्हा जुन्या काँक्रीटच्या खडीला त्यात रीतसर जागा मिळाली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्या दर्जाला २० टक्के, आणि एम-१५ च्या खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के. पाडलेल्या घरांच्या विटा-प्लास्टर मिसळलेल्या खडीला मात्र फक्त त्या शेवटच्या रांगेत. रस्त्याचं जुनं काँक्रीट या बाबतीत खानदानी माल आहे. त्यात विटा नाहीत, टाइल्स नाहीत, जिप्सम नाही. रस्त्यांत असा माल कसा वापरायचा याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका, आयआरसी १२१, २०१७ पासून आहे. काळ्या खडीचं नाव मात्र आयएस ३८३ च्या २०१६ च्या तक्त्यात नाही. टेंडर काढणारा इंजिनिअर तक्त्याबाहेर पाऊल टाकायला कचरतो ते यामुळे, आणि त्याला दोष देता येत नाही. उद्या रस्ता तडकला तर सही त्याची असते.

काळी खडी मिळाली की लगेच काँक्रीटमध्ये घाला, असंही मी म्हणणार नाही. तिच्या अंगावरचं डांबर ही काँक्रीटसाठी कटकट असली तरी डांबरी रस्त्यासाठी ती दौलत आहे. गरम करून नव्या डांबरात मिसळली की जुनं डांबरही कामाला येतं, आणि त्यासाठी आयआरसी १२० ही मार्गदर्शिका २०१५ पासून आहे. पहिला हक्क तिथला. पण सगळं शहरच काँक्रीटचे रस्ते करायला निघालं की डांबरी काम उरतंच किती? काळी खडी डोंगरासारखी निघते आणि तिला सासरच राहत नाही. काँक्रीटच्या पोटाचा विचार तेव्हा करायचा.

‘हरित रस्ता’ असे फलक लागतात तिथे एक आकडेमोड करून बघावी. पीक्यूसीच्या एका घनमीटरात चारशे किलोच्या आसपास सिमेंट असतं आणि ते बनताना ढोबळमानाने तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच घनमीटरातली सगळी जाड खडी फोडायला-चाळायला जातो जेमतेम पाच-दहा किलो. म्हणजे जुनी खडी घातली, ताकद घटली म्हणून दहा-पंधरा किलो सिमेंट वाढवलं, की खडीतून वाचवलेला सगळा कार्बन परत दिला. मग जुन्या खडीत फायदा कसला? डोंगर कमी फोडावा लागतो, डंपर कमी धावतात, नाले बुजत नाहीत. हे फायदे भरपूर आहेत आणि खरे आहेत. त्यावर कार्बनची झूल चढवायची गरज नाही. आणि जुनी खडीच साठ किलोमीटरवरून आणायची असेल तर तेही सोडून द्यावं. पुण्याचा राडारोडा प्रकल्प वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडचा मोशीला आहे, ज्या बाजूला खाणी, त्याच बाजूला. खडीसाठी गेलेली गाडी राडारोडा घेऊन जाऊ शकते, रिकामी जायचं कारण नाही.

एक सूचना राहिलीच. फोडलेल्या काँक्रीटची खडी फरशीखाली तशीच सुटी पसरली, तर पावसाचं पाणी तिच्यातला चुना विरघळवून घेऊन जातं आणि निचऱ्याच्या पाइपांत, जाळीत पांढरा थर धरतो. गिझरच्या कॉइलवर धरतो तसाच. अमेरिकेत यामुळे निचरे तुंबले आहेत. धुऊन बारीक भुगा काढून टाकला तर हे बरंच टळतं.

आपल्याकडे काळी खडी आज निघते आहे, राखाडीचा लोंढा अजून यायचा आहे. काँक्रीटचा रस्ता साधारण तीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्णपणे सुरू झाला २००२ मध्ये. म्हणजे त्याच्या फरशांची तिशी २०३२ च्या आसपास भरेल. त्या फोडाव्या लागतील तेव्हा क्रशर कुठे उभा करायचा, ढीग कुठे भिजत घालायचा आणि तो माल कोणाच्या मालकीचा, हे टेंडरमध्ये आधी लिहिलेलं असलं, तर डंपर घाटातून रिकामा होऊन परत येणार नाही.